काटा आणि दिवा

आपल्याकडे मोटारीचा इतिहास लिहिला जातो, तो बहुधा मालकांचा इतिहास असतो. पहिली गाडी कोणत्या संस्थानिकाने मागविली, कारखाना कोणत्या उद्योगपतीने काढला, परवाने कोणाला मिळाले आणि कोणाला नाकारले गेले, याविषयी आपण पुष्कळ वाचलेले असते. परंतु गाडी हाकणाऱ्या माणसाला तिच्या पोटातले काय कळत होते, आणि ते कोणत्या साधनाने कळत होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे. आणि त्यासाठी विषय निवडला आहे तो अगदी लहानसा: इंजिनातील तेलाचा दाब आणि पाण्याची उष्णता दाखविणारे दोन काटे.

हे काटे कारखान्याने दिले नसतील तर पदरचे पैसे खर्चून ते बसवून घेणारी माणसे आजही आहेत. बेंगळुरूच्या दक्षिणेस होसूर रस्त्यावर वसलेल्या इलेक्ट्रॉनिक सिटीत, जिथे दिवसभर मोटारींच्या संगणकीय मेंदूंवर काम चालते, तिथेच कोणी हौशी गृहस्थ सुट्टीच्या दिवशी जे. सी. रोडवरून आणलेली दोन गोल मापके हाती घेऊन आपल्या गाडीचे बॉनेट उघडून उभा राहतो. ज्या वस्तीत यंत्राने स्वतःच स्वतःची काळजी घ्यावी म्हणून सारी बुद्धी खर्ची पडते, तिथल्याच माणसाला यंत्राची नाडी स्वतः पाहावीशी वाटते. हा विरोधाभास वाटतो खरा. पण त्यामागे जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे.

या इतिहासाचा आरंभ मोटारीच्या कितीतरी आधी होतो. १८४९ साली पॅरिसच्या यूजीन बूर्दाँ या यंत्रकाराने दाबमापकाचे एकस्व मिळविले. त्याची युक्ती अशी: धातूची एक चपटी नळी घ्यावयाची, ती इंग्रजी 'सी' अक्षरासारखी वाकवावयाची आणि तिचे एक टोक बंद करावयाचे. उघड्या टोकातून वाफ किंवा तेल दाबाने आत शिरले की नळी सरळ होऊ पाहते; तिचे बंद टोक किंचित सरकते आणि दात्यांच्या योगाने तबकडीवरचा काटा फिरवते. यात ना पारा, ना काचेची लांबलचक नळी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी निघाली, त्याच्या अवघी चार वर्षे आधीची ही गोष्ट. वाफेच्या युगाला बाष्पपात्र फुटण्याचे जे भय होते, त्याला उत्तर म्हणून आलेले हे साधन पुढे मोटारीत शिरले आणि अद्याप टिकून आहे.

उष्णतेचे जुने मापक हेही वस्तुतः याच नळीचे रूपांतर होय. एका लहान धातूच्या कुपीत ईथर भरावयाचे, ती कुपी इंजिनाच्या पाण्यात बुडवावयाची आणि तिच्यापासून केसासारखी बारीक नळी चालकासमोरच्या तबकडीपर्यंत न्यावयाची. पाणी तापले की ईथरची वाफ होते, वाफेचा दाब वाढतो, आणि त्या दाबाने बूर्दाँची तीच वाकडी नळी सरळ होऊ लागते. तबकडीवर अंश लिहिलेले असतात. प्रत्यक्षात मोजला जातो तो दाबच. दोन्ही मापके अशी एका आईची लेकरे आहेत.

आरंभीच्या मोटारींना मात्र हे वैभव नव्हते. काही गाड्यांत चालकासमोर काचेच्या लहान नळ्या असत आणि त्यांतून तेलाचे थेंब पडताना दिसत. थेंब पडतात तोवर सर्व ठीक, असा हिशेब. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींच्या आसपास निघालेल्या फोर्डच्या 'टी' गाडीत तेलाला दाबच नव्हता, ते नुसते उडून सर्वत्र पसरे. पाणी खेळविणारा पंपही बहुतेक गाड्यांत नसे. तापलेले पाणी वर चढे आणि निवलेले खाली येई, या निसर्गनियमावर सारा भार. तेल किती उरले हे पाहण्यासाठी गाडीखाली वाकून इंजिनाच्या तळाच्या दोन तोट्या उघडाव्या लागत. मग १९१२ च्या सुमारास अमेरिकेत बॉइस मोटोमीटर निघाले. रेडिएटरच्या झाकणावर बसविलेला हा उष्णतामापक चालकाला आपल्या आसनावरून समोरच्या काचेतून दिसे. तांबडी रेषा वर चढू लागली की गाडी थांबवावयाची. कारखान्याबाहेरचे, मालकाने स्वतः विकत घेऊन बसविलेले मापक एवढे लोकप्रिय व्हावे, याचा अर्थ स्पष्ट आहे. गाडी विकणाऱ्यांना जे सांगण्याची गरज वाटली नव्हती, ते जाणून घेण्याची गरज गाडी घेणाऱ्यांना भासली होती.

इंजिने वेगवान होत गेली तसे तेल पंपाने दाबून देणे अपरिहार्य झाले. येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण तिच्याविषयी जाणत्यांचाही घोटाळा होतो. तेलाचा दाब म्हणजे तेलाचे प्रमाण नव्हे. भुजादंडाचा धातू बेअरिंगच्या धातूला प्रत्यक्ष टेकत नाही. मधल्या तेलाच्या पातळ थरावर तो तरंगत असतो. त्या सांद्रीतून तेल वाहताना जो अडथळा होतो, त्यातून दाब उत्पन्न होतो. बेअरिंगे झिजली, फट वाढली, की अडथळा कमी होतो आणि काटा खाली येतो. तेल तापून पातळ झाले तरी तो खाली येतो. सकाळी थंड इंजिनावर काटा उंच असतो आणि दुपारच्या गर्दीत गाडी नुसती उभी असता खाली उतरतो, हे आजाराचे लक्षण नव्हे. दर हजार फेऱ्यांमागे चौरस इंचास दहा पौंड दाब असावा, हा जुन्या मिस्त्रींचा ढोबळ नियम. परंतु खरी विद्या आहे ती कालच्या आणि आजच्या काट्यातील फरक ओळखण्याची. त्याच रस्त्यावर, तितक्याच वेगात, गेल्या वर्षी काटा जिथे असे तिथे तो आज नाही, एवढे ज्याला दिसले त्याला इंजिन बिघडण्यापूर्वी कितीतरी महिने सूचना मिळालेली असते.

आणि नेमकी हीच सूचना १९३० च्या दशकापासून हळूहळू नाहीशी होऊ लागली. अमेरिकेतील हडसन कंपनीने त्या दशकात काट्यांच्या जागी दिवे आणले. दाब चौरस इंचास पाच-सात पौंडांच्या खाली गेला की एक तांबडा दिवा लागावा, एरवी काही दिसू नये. दिवा स्वस्त होता, त्याला तबकडी लागत नव्हती, आणि काटा वाचण्याचे शिक्षणही लागत नव्हते. जाणकारांनी या दिव्यांना 'मूर्खांचे दिवे' असे कुत्सित नाव दिले. पण ते नाव न्याय्य म्हणता येत नाही. ज्याला काट्याकडे पाहण्याची सवय नाही, त्याचे लक्ष तांबडा दिवाच वेधून घेतो. दिव्याचा दोष वेगळा आहे. तो उशिरा बोलतो. पन्नास पौंडांवरून दहा पौंडांपर्यंतची सारी घसरण तो मुकाट्याने पाहत राहतो, आणि बोलतो तेव्हा गाडी तत्क्षणी बंद करण्यावाचून दुसरा सल्ला त्याच्यापाशी नसतो.

आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या वडिलांनी किंवा आजोबांनी जिल्ह्यात नोकरी केली, त्यांना काट्यांचे युग जीपच्या रूपाने आठवत असेल. युद्धकालीन विलिज जीपच्या पत्र्याच्या फळीवर पाच तबकड्या असत: वेग, पेट्रोल, विजेचा प्रवाह, तेलाचा दाब आणि पाण्याची उष्णता. लढाईवर जाणाऱ्या गाडीला दिवा पुरत नाही, हे सैन्याला ठाऊक होते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत जीपची जुळणी सुरू केली, आणि २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूहविकास योजनेचा आरंभ झाल्यावर जीप हे सरकारी दौऱ्याचे प्रतीकच होऊन बसले. साहेब मागे कागद चाळीत आहेत आणि ड्रायव्हर एक डोळा रस्त्यावर, एक डोळा काट्यावर ठेवून घाट चढतो आहे, असे ते चित्र. खंबाटकी असो, कसारा असो की खंडाळा असो, घाटमाथ्यावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आणि हातात पाण्याचा डबा घेतलेला क्लीनर हे दृश्य कितीतरी वर्षे आपल्या प्रवासवर्णनांचा भाग होते. पाणी कधी घालावे, झाकण किती वेळाने उघडावे, कोणत्या वळणाआधी थांबावे, हे सारे ज्ञान त्या ड्रायव्हरपाशी होते. दौऱ्याच्या रोजनिशीत मात्र त्याची नोंद कधी झाली नाही.

बेंगळुरू आणि महाराष्ट्र यांना मोटारीच्या इतिहासात जोडणारा दुवा याहून जुना आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म १८६१ सालचा, म्हैसूर संस्थानातला. पण अभियंता म्हणून ते घडले पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, आणि १८८४ पासून सुमारे दोन तपे त्यांनी मुंबई इलाख्यात, नाशिक, खानदेश आणि पुणे या भागांत चाकरी केली. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ मध्ये त्यांनी बसविलेले स्वयंचलित दरवाजे प्रसिद्ध आहेत. पाणी ठराविक पातळीवर चढले की दरवाजे आपोआप उघडावेत आणि पूर ओसरला की आपोआप मिटावेत, अशी ती योजना. पुढे म्हैसूरची दिवाणगिरी करून निवृत्त झाल्यावर, सत्तरी उलटलेल्या या वृद्धाने १९३५ मध्ये युरोप-अमेरिकेतील मोटार कारखाने पाहिले आणि हिंदुस्थानात मोटारी बनविण्याची योजना तयार केली. सोलापूरचे वालचंद हिराचंद तिच्यामागे उभे राहिले. मुंबईच्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळाने सहानुभूती दाखविली. दिल्लीच्या सरकारने दाखविली नाही. मग म्हैसूर संस्थानात कारखाना काढण्याचा विचार झाला. युद्धाच्या निमित्ताने तोही अडला. मात्र त्याच बेंगळुरूत डिसेंबर १९४० मध्ये वालचंदांनी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने विमानाचा कारखाना उभा केला, आणि १९४२ मध्ये तो त्यांच्या हातून सरकारकडे गेला. मोटारीचे स्वप्न शेवटी १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या रूपाने मुंबईच्या कुर्ल्यात उतरले. बेंगळुरूला मोटारीऐवजी विमान मिळाले. आणि विमानाबरोबर अचूक उपकरणांची जी विद्या त्या शहरात आली, ती तिथे रुजली.

१९५१ मध्ये बॉश या जर्मन उद्योगाच्या सहकार्याने 'मायको' स्थापन झाली आणि बेंगळुरूत स्पार्क प्लग व डिझेलचे पंप बनू लागले. १९७६ मध्ये कर्नाटक सरकारने 'किऑनिक्स' हे महामंडळ काढले. त्याचे प्रमुख आर. के. बालिगा यांच्या कल्पनेतून कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या खेड्यांच्या परिसरात ३३२ एकरांवर इलेक्ट्रॉनिक सिटी आखली गेली. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस दोन वर्षांनी बेंगळुरूला गेली, ती मायकोचे काम मिळाले म्हणून, आणि १९९४ मध्ये तिने आपले मुख्यालय इलेक्ट्रॉनिक सिटीत नेले. मोटारीच्या सुट्या भागांचा कारखाना हा संगणकयुगाचा एक यजमान होता, ही गोष्ट या वस्तीच्या इतिहासात बहुधा दुर्लक्षित राहते. आज तेथे मोटारींची आज्ञाप्रणाली लिहिणाऱ्या संस्था आहेत, आणि त्यांत मराठी मंडळींची संख्या लहान नाही.

या नव्या विद्येने काट्याचे काय केले? इंजिनाचा संगणक आता पाण्याची उष्णता प्रत्येक क्षणी मोजतो, पंखा सुरू करतो, पेट्रोलचे प्रमाण बदलतो, प्रसंगी इंजिनाची शक्ती कमी करून त्याला वाचवितो. खडकवासल्याच्या दरवाजाप्रमाणे तो स्वतःच कृती करतो. चालकाला विचारीत नाही. यात लाभ मोठा आहे. परंतु चालकाला दिसणारा काटा या व्यवस्थेत शोभेचा होऊ लागला. पुष्कळ गाड्यांत पाऊणशेपासून शंभरापलीकडच्या अंशांपर्यंत तो बरोबर मध्यावरच उभा राहावा, अशी योजना केलेली असते, कारण खरा काटा थोडा हलला तरी गिऱ्हाईक घाबरून तक्रार घेऊन येई. अमेरिकेतील फोर्डच्या काही गाड्यांत आणि १९९५ पासूनच्या मझ्दा मियाटात तर तेलाचा काटा हा वेषांतर केलेला दिवाच होता: दाब किमान मर्यादेच्या वर असला की काटा मध्यावर, खाली गेला की शून्यावर, मधली स्थिती नाहीच. कित्येक नव्या गाड्यांत उष्णतेचा काटाही गेला आहे. थंड असता निळा दिवा आणि फार तापल्यावर तांबडा, एवढेच उरले आहे.

म्हणून कोणी जादा काटे बसवून घेतो तेव्हा तो केवळ शोभा करीत नाही. हे काम दिसते तितके सोपेही नाही. तेलाच्या दाबाचे मापक यांत्रिक घ्यावे की विजेचे, हा पहिला प्रश्न. यांत्रिक मापक सरळ आणि विश्वासू. परंतु त्यासाठी तापलेले तेल बारीक नळीने थेट चालकाच्या पुढ्यात आणावे लागते, आणि ती नळी तुटली तर तेल पायांवर सांडते. विजेच्या मापकात इंजिनावर बसविलेला संवेदक आपला विद्युत्‌रोध बदलतो आणि तारेतून निरोप धाडतो. तिथे संवेदक आणि तबकडी एकाच जातीची असली पाहिजेत. व्हीडीओ पद्धतीचा संवेदक साधारण १० ते १८० ओहम इतका फिरतो, आणि त्याला दुसऱ्याच जातीची तबकडी जोडली तर काटा फिरतो खरा, पण खोटे सांगतो. मूळचा दिवा काढून टाकू नये. तीन तोंडांचा जोड लावून दिवा आणि काटा दोन्ही ठेवावेत. आट्यांचे मापही आधी पाहावे: मेट्रिक आणि इंची आटे पहिल्या दोन फेऱ्यांत एकमेकांत बसल्यासारखे वाटतात आणि तिसऱ्या फेरीत इंजिनाचा धातू कापतात. संवेदकाला जमिनीची तार इंजिनाच्या धातूतूनच मिळत असेल, तर आट्यांवर गुंडाळलेली जादा पांढरी फीत गळती थांबविते आणि काट्याचे बोलणेही थांबविते. उष्णतेचा संवेदक रेडिएटरच्या वरच्या रबरी नळीत जोड घालून बसविता येतो. नळी रबराची असल्याने तिथे वेगळी तार जमिनीला जोडावी लागते. नव्या गाडीच्या हमीवर याचा परिणाम होईल काय, हेही आधी विचारून घ्यावे. पाण्याच्या उष्णतेपुरते पाहायचे असेल तर गाडीच्या निदान-जोडातून तो आकडा थेट फोनवर आणता येतो. तेलाचा दाब मात्र त्या सर्वसामान्य आकड्यांच्या यादीत नाही. त्यासाठी पाना हाती घेण्यावाचून गत्यंतर नाही.

काटा बसविला म्हणजे शहाणपण आले, असेही नव्हे. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तिथे उघडे पाणी ९७ अंशांच्या आसपास उकळते. रेडिएटरचे झाकण आतला दाब राखते म्हणून ते शंभरापुढेही टिकते, आणि तेच झाकण सैल असेल तर काटा नेहमीच्या जागी असतानाच पाणी उतू जाते. याहून फसवी स्थिती पाणी पूर्ण गळून गेल्यावरची. संवेदकाला पाण्याचा स्पर्शच उरत नाही, तो नुसत्या हवेची उष्णता सांगतो, आणि इंजिन जळत असताना काटा खाली येतो. कोरड्या विहिरीत सोडलेला पोहरा जसा हलका वर येतो, तसा तो काटा हलका होतो. ज्याला कारण ठाऊक नाही तो त्यावरच समाधान मानतो.

या साऱ्याचा आपल्यासारख्या कारभारात वय घालविणाऱ्या वाचकांशी संबंध काय, असे कोणी विचारील. महसूल खात्यात काम केलेल्यांना आणेवारी ठाऊक आहे. पीक रुपयात किती आणे आले, हे गावोगाव पाहून ठरविण्याची ती पद्धत. पुढे आण्यांचे पैसे झाले आणि ती पैसेवारी झाली. ही पद्धत मुळात काट्यासारखी आहे. ती प्रमाण सांगते. परंतु पन्नास पैशांच्या आत आली तर टंचाई, वर राहिली तर नाही, असा नियम झाला की तोच काटा दिवा होतो. मग एक्कावन्न पैशांच्या गावात काय चालले आहे, तिथली जनावरे बाजारात कधी निघाली, विहिरी कोणत्या महिन्यात आटल्या, हे पाहण्याचे कोणाला कारण उरत नाही. दिवा लागला नाही ना, एवढे पुरते. आणि दिवा लागतो तेव्हा छावण्या आणि टँकर यांवाचून दुसरा उपाय हाती नसतो.

दिवा नको असे यातून निघत नाही. हजारो गावांचा कारभार हाकणाऱ्याला, किंवा होसूर रस्त्याच्या गर्दीत गाडी हाकणाऱ्याला, प्रत्येक काट्याकडे अखंड पाहत राहणे शक्य नाही. मर्यादा ओलांडल्याची हाक त्याला हवीच. परंतु हाक येईपर्यंत काहीच पाहावयाचे नाही, हे मात्र ज्याचे त्याने स्वतः ठरविलेले असते. जुन्या जीपच्या ड्रायव्हरला पाच काटे मिळाले होते, आणि ते वाचावयास तो शिकला. त्याच्यानंतरच्या पिढीला एक दिवा मिळाला. आज इलेक्ट्रॉनिक सिटीत कोणी दोन काटे विकत आणून बसवितो, तेव्हा यंत्र आपल्याहून हुशार आहे हे तो नाकारीत नाही. त्या हुशार यंत्राने आपल्याला काय सांगावे, हे ठरविण्याचा थोडासा अधिकार तो स्वतःकडे परत घेतो. मात्र तो अधिकार टिकतो तो रोज पाहण्याने. काल काटा कुठे होता हे ज्याला आठवते, त्यालाच आजचा काटा काही सांगतो.